गोव्यातील जुवारी नदीसारख्या विस्तीर्ण, अनोळखी पाण्यात चणक माशासाठी गरवायला सुरुवात कशी करावी?

आपण नुकतेच पुण्याहून फोंड्याला राहायला आला आहात, अमेरिकेतील तळ्यांवर बास मासा कसा धरतात याचे व्हिडिओ पाहून रॉड आणि रील घेतले आहे, आणि बोरीच्या पुलावरून जुवारीचे पात्र पाहिल्यावर एवढ्या पाण्यात गरी टाकायची तरी कुठे, असा प्रश्न आपल्याला पडला आहे. माझे उत्तर असे की पहिल्या खेपेला रॉड घरीच ठेवावा आणि अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात, ओहोटी पूर्ण सरलेली असताना, काठ पायी पाहून यावा.

याचे कारण दोन माशांच्या राहणीत आहे. लार्जमाउथ बास हा गोड्या, संथ पाण्यातला मासा. वसंतात पाणी १५ अंश सेल्सिअसच्या वर तापू लागले की तो उथळात येतो आणि तळाशी घरटे करून वीण घालतो. म्हणून तळ्यावरचा माणूस ऋतू आणि पाण्याचे तापमान पाहून जागा ठरवतो. आपला चणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, बासप्रमाणेच आडोशाला दबा धरून बसतो आणि भक्ष्य जवळ येताच तोंड उघडून ते पाण्यासकट आत ओढतो. परंतु त्याचा आडोसा दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा उघडा पडतो. त्यामुळे व्हिडिओतले आडोशाचे धडे इथे उपयोगी पडतील, वेळेचे पडणार नाहीत.

उधाणाच्या ओहोटीत एरवी पाण्याखाली असलेले सारे दिसते: खारफुटीतून निघणाऱ्या ओहोळाने चिखलात कोरलेला खोल चर, कालवे चिकटलेले खडक, जुन्या बांधाचे ढासळलेले चिरे, पडलेले झाड. हे सारे वहीत टिपावे आणि त्यातला दोन-तीनशे मीटरांचा एकच पट्टा निवडून पहिला हंगाम तिथेच काढावा. रोज नवी जागा शोधणाऱ्याला नदी कधीच कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ओहोटी निम्मी सरली की लहान मासळी आणि कोळंबी ओहोळातून मुख्य पात्रात ओढली जाते, आणि चणक त्या तोंडाशी, वाहत्या आणि स्थिर पाण्याच्या शिवेवर उभा राहतो. आमिष त्या शिवेच्या वरच्या अंगाला टाकून प्रवाहासोबत येऊ द्यावे. पहाटेची किंवा तिन्हीसांजेची वेळ आणि उतरते पाणी यांची गाठ पडेल तो दिवस सोडू नये. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी चढउताराच्या भरतीत पाणी फारसे हलत नाही, तेव्हा अपेक्षा कमी ठेवावी. भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात, आणि तक्त्यातल्या वेळा मुरगाव बंदराच्या असतात; नदीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. आपल्या पट्ट्यावरचा हा फरक आपणच घड्याळ लावून नोंदवावा.

खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीच्या, बांधातील मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी दारांची वाट) ही चणकाची सर्वांत मोहाची जागा. भरतीच्या दाबाने तिची दारे मिटतात, ओहोटी लागली की उघडतात, आणि आतली मासळी पाण्याबरोबर बाहेर येते. मात्र मानशीवरच्या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो आणि ज्याने तो घेतला असेल त्याचे जाळे तिथे लागलेले असते. त्याची परवानगी घेतल्याशिवाय तिथे गरी टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणे होय. विचारून पाहावे, गावकरी बहुधा थोडे पुढची जागा स्वतःहून दाखवतात आणि त्या गप्पांतून जे कळते ते कोणत्याही व्हिडिओत मिळत नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात. मध्यम ताकदीचा सात फुटी रॉड, २० ते ३० पौंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि तिच्या टोकाला ४० पौंडांचा, हातभर लांबीचा लीडर, म्हणजे गरीलगतचा अधिक मजबूत दोर, पुरेसा आहे. चणकाच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड धारदार असते आणि लीडर नसेल तर दोर तुटतो. आमिष म्हणून जिवंत कोळंबी उत्तम, नाहीतर बोटभर लांबीचा रबरी मासा घ्यावा.

मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, हे लक्षात ठेवावे. तिथे गुडघाभर पाण्यातही उभे राहू नये आणि काठाशी वाकून मासा धुऊ नये. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीतही गरवायला जाऊ नये. पावसाळ्यात प्रवाहाला फार ओढ असते, म्हणून नवख्याने ते महिने टाळावेत; शिवाय चणकाच्या विणीचा काळही तोच, आणि त्यासाठी तो मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात उतरतो.

एक विनंती मात्र आग्रहाने करतो. चणक सहसा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे फार मोठे चणक बहुतांशी माद्याच असतात आणि एकेक मादी लाखो अंडी घालते. जेवणापुरता मध्यम मासा खुशाल न्यावा, पण हातभर लांबीच्या वरचा सापडला तर त्याला गरीवर उभा लटकवू नये. ओल्या हातांनी पोटाखाली आधार द्यावा, पक्कडीने गरी काढावी आणि तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरून ठेवावा.