नडगी ठणकतेय, आणि गावात डिजिटल लागलंय

“ताई, मी कागल तालुक्यातली. पोलीस शिपाई म्हणून निवड झाली, ट्रेनिंगला येऊन सात आठवडे झाले. तीन आठवड्यांपासून उजवी नडगी दुखतेय. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांना सांगितलं तर कामचुकार म्हणतील, म्हणून शेजारच्या कॉटवरच्या मुलीकडून गोळी घेऊन परेडला उभी राहते. गावात माझं अभिनंदनाचं डिजिटल, म्हणजे फ्लेक्स, लागलंय, बाबांनी पेढे वाटलेत. पण रोज रात्री वाटतं, राजीनामा देऊन घरी यावं. काय करू?”

पोरी, नडगीचं निदान होईपर्यंत राजीनाम्याचा विषय बंद. एकदा दिलास की परत यायला पुन्हा ५० गुणांचं मैदान आणि १०० गुणांची लेखी.

भरतीसाठी तू मातीवर पळालीस, पायात हलके बूट, ८०० मीटर झाले की सुटलीस. आता तोच पाय जड बुटात, कडक मैदानावर, रोज तासन्‌तास आपटतोय. हाडाला सवय व्हायला वेळ लागतो, तो मिळाला नाही की ते कुरकुरतं. यात कामचुकारपणा कुठला आला?

आज रात्री एक कर. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली ने. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडेच दुखलं आणि सकाळी थोडं चालल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक हाडाला चिकटलेला भाग सुजलाय. पण एकाच रुपयाएवढ्या जागी कळ निघाली, झोपल्यावरही ठणकलं, त्या पायावर उडी मारवेना, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तशी शंका आली तर एकही परेड करू नकोस. चीर रेटली तर हाड पुरतं मोडतं.

अंगठ्याने काहीही सांगितलं तरी उद्या सकाळी हजेरीआधी सिकमध्ये, म्हणजे आजाऱ्यांच्या यादीत, नाव दे. डॉक्टरांसमोर नुसतं “पाय दुखतोय” म्हणू नकोस, गोळी हातात टेकवून परत पाठवतील. किती दिवस, नेमकं कुठे, कशाने वाढतं, रात्री दुखतं का, कोणत्या गोळ्या किती घेतल्या, हे कागदावर लिहून ने. पाळी चुकत असेल तर तेही सांग, लाजू नकोस. कमी खाणं, चुकलेली पाळी आणि हाडाची चीर यांचं नातं जवळचं आहे. आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून नाचत परत येऊ नकोस. नवी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. दुखणं तसंच राहिलं तर पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करायचा का, विचार. केसपेपर जपून ठेव.

गोळ्या बंद. उपाशीपोटी, घामाने पाणी गेलेलं असताना वेदनाशामक घेतलं की पोट आणि किडनी दोन्हीवर ताण येतो. शिवाय कळ दबते आणि तू जास्तच आपटतेस.

सूज असेल तर दोनेक आठवड्यांत फरक पडू लागतो, चिरेला सहा-आठ आठवडे किंवा जास्तही लागतात. ट्रेनिंगचे दिवस किती चुकले तर काय होतं, ते बॅरेकमधल्या गप्पांवरून ठरवू नकोस, कार्यालयात विचार. बर्फ कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. अर्धा तास न दुखता चालता आलं की मगच पळायला लाग, आणि पळणं व कवायत एकाच आठवड्यात वाढवू नकोस. ‘थम’ला, म्हणजे थांबायच्या हुकुमाला, नुसती टाच आपटतेस का, तेही बघ. सगळा तळवा एकदम पडायला हवा.

कवायतीला सूट मिळालीच तर वर्ग बुडवू नकोस. वहीत जुन्या आणि नव्या कलमांचे दोन रकाने कर. जुने लोक अजून ३०२, ४२० म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत खून १०३, फसवणूक ३१८, आणि एफआयआर १५४ ऐवजी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १७३. ठाण्यात गेल्यावर दोन्ही भाषा लागतील.

बाबांना डॉक्टरांना दाखवल्यावरच फोन कर, आणि “दाखवलंय, इतके दिवस विश्रांती सांगितलीय” एवढंच सांग. डिजिटलचं काय, पुढच्या वाढदिवसाला त्याच जागी दुसऱ्याचं लागेल. नडगी बरी झाल्यावरही नोकरी नकोशी वाटली तर पुन्हा लिही, तो वेगळा प्रश्न आहे.

आईला डबा पाठवायला सांग: भाजलेले चणे, शेंगदाण्याचे गुळातले लाडू, जाड मोजे चार जोड. कापशीच्या चपलेला लावतात तसं तेल ती बुटासाठीही देईल. ते तेवढं घेऊ नकोस, पॉलिश धरणार नाही आणि उस्ताद त्यावरून वेगळंच ऐकवतील.