कर्व्ह सुंदर आहे, पण पेशी कुठल्या?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा कर्व्ह मिळाला, म्हणजे मात्रा वाढेल तसा परिणाम किती वाढतो त्याचा आलेख. अगदी कमी मात्रेला सुरू होऊन आयसोप्रिनलिनच्या, म्हणजे तुलनेला घेतलेल्या पूर्ण ताकदीच्या औषधाच्या, उंचीपर्यंत चढलाय. तुझा रेणू बीटा-२ रिसेप्टर (पेशीवरचं, श्वासनलिकेचा स्नायू सैल करणारं बटण) पूर्ण ताकदीने चालवतो, असं तू लिहिलंयस. पेढे अजून वाटले नसशील तर जरा थांब आणि मला एवढंच सांग: त्या एचईके पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्या मानवी पेशींवर, रिसेप्टर किती आहेत?

सिग्नल ठळक यावा म्हणून आपण जीन घालून पेशींवर रिसेप्टरची गर्दी करतो. वीस पानांच्या पंगतीला पन्नास वाढपी असले की त्यातले आळशीही चपळ वाटतात, तसंच इथे होतं. एकेक रिसेप्टर अर्धवट जागा झाला तरी सगळ्यांचं मिळून सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप नेणारा रेणू) इतकं साचतं, की पेशीची कमाल मर्यादा गाठली जाते. मग रिसेप्टर थोडासाच चालवणारा आंशिक ॲगोनिस्ट आणि पुरता चालवणारा पूर्ण ॲगोनिस्ट यांत फरकच दिसत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तुझ्या वयात असताना मी अशाच एका रेणूमागे सात-आठ महिने घालवले. पेशींमध्ये तो वाघ होता. गिनीपिगची श्वासनलिका ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊती जिवंत ठेवणाऱ्या द्रावाच्या भांड्यात, टांगली, तर स्नायू जेमतेम सैल झाला. मीटिंगमध्ये कुणी काही बोललं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

खात्री करायचा उपाय तुझ्या फ्रीजमध्येच असेल. आपल्याकडे दम्याचा रुग्ण असलेल्या घरोघरी अस्थालिनचा पंप असतो, त्यातलं साल्ब्युटामॉल हे बीटा-२ चं आंशिक ॲगोनिस्ट आहे. तेच तुझ्या पेशींवर टाकून बघ. तेही आयसोप्रिनलिनइतकंच उंच गेलं, तर त्या पेशी तुला फसवताहेत. आणि 'आंशिक' म्हणजे कमअस्सल, असंही धरून बसू नकोस. १९६९ पासून हे औषध लोकांचा श्वास मोकळा करतंय. रेणू आंशिक असणं हा दोष नाही, ते आपल्याला माहीत नसणं हा दोष आहे.

चाचणीच्या आंधळेपणाचा याहून मोठा किस्सा औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांचा. १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटीत त्यांच्या गटाने पोटातलं आम्ल कमी करणारा रेणू शोधायला घेतला. हिस्टामिन हा शरीरातला रेणू शिंकाही आणतो आणि जठरात आम्लही वाढवतो. त्याला अडवणारी जुनी अँटिहिस्टामिनं शिंका थांबवत, आम्ल नाही. म्हणजे जठरात हिस्टामिनचा रिसेप्टर वेगळा असणार, हा ब्लॅक यांचा अंदाज. चार वर्षं गेली, सुमारे २०० रेणू झाले, एकही हिस्टामिनला अडवेना. ज्याने पुढची वाट दाखवली तो ग्वानिलहिस्टामिन मात्र अगदी सुरुवातीलाच बनवून झाला होता! चाचणीत तो आम्ल वाढवताना दिसला, म्हणून बाजूला पडला. तो आंशिक ॲगोनिस्ट होता. थोडं चालवत होता आणि थोडं अडवतही होता, पण चाचणीला फक्त चालवणं दिसत होतं. पुन्हा नीट तपासल्यावर अडवणं सापडलं, आणि मग रॉबिन गॅनेलिन वगैरे रसायनतज्ज्ञांनी त्यातलं चालवणं काढून टाकलं. १९७२ मध्ये ब्युरिमामाइड जाहीर झालं, पण ते तोंडाने घेऊन पुरेसं लागू पडेना. पुढच्या मेटियामाइडने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटवल्या, तेव्हा त्यातला थायोयुरिया हा तुकडा काढून त्या जागी सायनोग्वानिडिन हा दुसरा तुकडा बसवला. ते सिमेटिडिन. १९७६ मध्ये ते बाजारात आलं आणि अल्सरच्या कितीतरी रुग्णांचं ऑपरेशन टळलं. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. मला मात्र त्या चार वर्षांत बाजूला पडलेल्या बाटलीचीच आठवण जास्त येते.

आता तुझा आवडता विषय, 'बायस'. रिसेप्टरकडून पेशीत निरोप जायच्या रस्त्यांपैकी जी प्रोटीनचा रस्ता चालू ठेवायचा आणि अरेस्टिनचा टाळायचा, ही कल्पना देखणी आहे, नाही म्हणत नाही. ऑलिसेरिडिन हे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक, याच आशेवर पुढे आलं: वेदना थांबतील, श्वास मंदावणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते नाकारलं, २०२० मध्ये मंजूर केलं, पण ओपिऑइडचे नेहमीचे इशारे छापूनच. त्याचा बायस खरा की तो नुसताच कमी ताकदीचा आंशिक ॲगोनिस्ट, यावर संशोधकांत वाद झाला. वादाचं मूळ परत त्या पंगतीतच आहे. जी प्रोटीनच्या चाचणीत सिग्नल पायरी-पायरीने फुगत जातो, अरेस्टिनच्या चाचणीत फुगत नाही. कमजोर रेणू पहिल्या चाचणीत उठून दिसतो, दुसरीत दिसतच नाही, आणि आपण खुशाल 'बायस' लिहून मोकळे होतो.

प्राण्यांच्या बाबतीतही हेच. वेदना आणि उलटी यांच्याशी संबंध असलेल्या सब्स्टन्स पी या रेणूचा एनके-१ रिसेप्टर उंदराचा आणि माणसाचा थोडा वेगळा. माणसाच्या रिसेप्टरला घट्ट चिकटणारे पहिले रेणू उंदराच्या रिसेप्टरला धड चिकटत नव्हते. शिवाय उंदराला उलटीच होत नाही! पुढे याच रिसेप्टरवरचं ॲप्रेपिटंट २००३ मध्ये केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी मंजूर झालं. उलटीच्या चाचण्यांना फेरेट (मुंगसासारखे दिसणारे छोटे प्राणी) वापरावे लागले. वेदनेवर हे रेणू चालतील ही मोठी आशा होती, प्राण्यांत तसं दिसलंही, माणसांत जमलं नाही.

आणखी एक, ५-एचटी-२बी या सेरोटोनिनच्या रिसेप्टरवरची तपासणी लवकर उरकून घे. तुझ्या कामाशी त्याचा संबंध नाही, हे मला माहीत आहे. फेनफ्लुरामिनवाल्यांचा तरी कुठे होता? ते वजन कमी करायचं औषध. शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते हा रिसेप्टर चालवतं, आणि हृदयाच्या झडपा जाड होतात. १९९७ मध्ये औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं.

तेव्हा पुढच्या पत्रासोबत तीन कर्व्ह पाठव: तुझा रेणू, आयसोप्रिनलिन आणि साल्ब्युटामॉल. एकाच दिवशी, एकाच प्लेटवर काढलेले. शिवाय कमी रिसेप्टर असलेल्या पेशी मिळाल्या तर त्यांच्यावरचेही. ऑर्गन बाथ लावायचा ठरलाच तर फोन कर. श्वासनलिकेच्या कड्या कापायला मी येईन, हात अजून थरथरत नाहीत.

तुझा,
सर