पॅरिसच्या खाजगी कॉलेजात मास्टर्सला ॲडमिशन मिळतंय, घ्यावं का?

तुमची बी.एस्सी. झालीय, एजंटाने पॅरिसमधल्या एका खाजगी कॉलेजातलं इंग्रजी माध्यमाचं मास्टर्स सुचवलंय, फी वर्षाला 12,000 युरो, आणि आठवडाभरात टोकन भरा म्हणून तो मागे लागलाय. टोकन भरू नका. आधी कॉलेजला मेल करून एवढंच विचारा, की शेवटी मिळणारी पदवी ‘दिप्लोम नासिओनाल द मास्टर’ (म्हणजे सरकारमान्य राष्ट्रीय मास्टर्स पदवी) आहे का, किंवा तिला सरकारने ‘ग्राद द मास्टर’ (म्हणजे मास्टर्सचा अधिकृत दर्जा) दिलाय का?

“आमचा कोर्स आरएनसीपी लेव्हल 7 (म्हणजे मास्टर्सच्या पातळीचा) आहे” असं गोलमाल उत्तर आलं, तर सावध व्हा. आरएनसीपी ही व्यावसायिक पात्रतांची सरकारी नोंदवही आहे. तिथे नोंद असली की नोकरीच्या बाजारात कोर्सची पातळी कळते, पण तेवढ्याने ती विद्यापीठाची मास्टर्स पदवी होत नाही. पुढे पीएच.डी.चा विचार केलात की हा फरक बोचतो. आणि भारत-फ्रान्स यांच्या 2018 च्या करारामुळे मास्टर्सनंतर आपल्याला नोकरी शोधायला 24 महिन्यांपर्यंत राहता येतं, तिथेही नुसता आरएनसीपीचा दाखला सहसा चालत नाही. एजंट ‘पाच वर्षांचा व्हिसा’ म्हणत असेल, तर तो माजी विद्यार्थ्यांसाठीचा शॉर्ट-स्टे, म्हणजे थोड्या दिवसांच्या मुक्कामाचा, शेंगेन व्हिसा. त्यावर ये-जा करता येते, नोकरी नाही.

खाजगी म्हणजे वाईट, असं मात्र नाही. एसेक, एडहेक ही नावाजलेली बिझनेस स्कूल्स खाजगीच आहेत. त्यांच्या ‘ग्रांद एकोल’ नावाच्या मुख्य मास्टर्स प्रोग्रामला वर सांगितलेला ग्राद आहे, फक्त फी ऐकून घाम फुटतो.

मी स्वतः ग्रेनोबलला सरकारी विद्यापीठात फिजिक्समध्ये मास्टर्स केलं. 2019 पासून युरोपबाहेरच्यांना सरकारी फी जास्त लागते, तरी मास्टर्सला ती वर्षाला 4,000 युरोच्या आत आहे, आणि काही विद्यापीठं त्यातही सूट देतात (दरवर्षी नियम बदलतात, विचारून घ्या). ग्रेनोबलला सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण तयार करणारं मोठं यंत्र) आहे, न्यूट्रॉनचं संशोधन केंद्र आहे. मास्टर्सची इंटर्नशिप अशा ठिकाणी मिळू शकते. दोन महिन्यांहून मोठ्या इंटर्नशिपला मोबदला देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मार्क 20 पैकी असतात आणि 14 मिळाले तर चांगले समजा. आपल्याकडे नव्वद टक्क्यांची सवय असलेल्या पोरांना पहिल्या सेमिस्टरला हे फार लागतं. ऑफिसातल्या खेट्यांबद्दल न बोललेलंच बरं.

अर्जासाठी एजंट लागतच नाही. कॅम्पस फ्रान्स ही फ्रेंच सरकारची संस्था, तिची माणसं मुंबईत आणि पुण्यात भेटतात. व्हिसाआधी तिथेच मुलाखत होते, आणि ‘हाच कोर्स का?’ हे विचारतातच. खर्चासाठी महिना 615 युरो दाखवावे लागतात, पण पॅरिसमध्ये तेवढ्यात भागत नाही. वर्षाला 964 तास काम करायची परवानगी असते, तिच्यावर फी निघेल या भ्रमात राहू नका.

इंग्रजी माध्यमाचे कोर्स सरकारी विद्यापीठांतही आहेत. फ्रेंच माध्यमासाठी बहुतेक ठिकाणी बी2 (भाषेची वरच्या मध्यम दर्जाची पातळी) मागतात; दहावीला मार्कांसाठी घेतलेलं फ्रेंच त्याला पुरत नाही. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूट किंवा आलियाँस फ्रान्सेज गाठा.

कॉलेजचं उत्तर आलं की नावं झाकून इथे खाली टाका, वाचून सांगतो.