वाचकांचे प्रश्न : उतरत्या पाण्यातला सॅमन

प्रश्न : स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या नद्यांना पाऊस पडला की सॅमन चढतो, असं ऐकलं आहे. मग भर पुरात फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेलं कृत्रिम आमिष) टाकावी का? – एक वाचक, ग्लासगो

उत्तर : भर पुरात टाकू नका. मल बेटावरची फोर्सा, स्कायवरची स्निझॉर्ट, दक्षिण एअरशायरमधली स्टिंचर या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. डोंगरात पाऊस झाला की काही तासांत त्या फुगतात आणि तितक्याच घाईनं ओसरतात. आपल्याकडचे चढणीचे मासे पहिल्या पावसाला ओढ्यात शिरतात, तसाच खाडीच्या तोंडाशी थांबलेला सॅमन या लोंढ्याबरोबर आत येतो. मात्र तो अंडी घालतो हिवाळ्याच्या तोंडावर, त्यामुळे त्याआधी कित्येक आठवडे तो नदीच्या डोहांत मुक्काम करतो.

पाणी चढायला लागताच पहिली थोडी मिनिटं मासा कधीकधी फ्लाय घेतो. त्यानंतर पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या गळाला अडकतात. मुख्य म्हणजे मासा प्रवासात असतो, तो थांबत नाही. खरी वेळ येते ती पाणी उतरू लागल्यावर, ते निवळून काळ्या चहासारखं दिसू लागतं तेव्हा. हा रंग दलदलीतल्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा, चिखलाचा नाही. त्यात फ्लाय चांगली दिसते. नुकताच विसावलेला मासा या वेळी सर्वांत तरतरीत आणि फ्लाय घ्यायला तयार असतो. लहान नदीत ही संधी काही तासांची, थोड्या मोठ्या नदीत एखाद-दोन दिवसांची.

काठावर पाण्याच्या रेषेला एक काडी रोवून ठेवा. अर्ध्या तासानं ती कोरडी पडली असेल तर पाणी उतरतंय. घरून निघण्यापूर्वी स्कॉटलंडच्या पर्यावरण संस्थेचे, म्हणजे सेपाचे, पाणीपातळीचे आलेख पाहा. आठवडाभराचं महाग बुकिंग करून पावसाची वाट पाहण्यापेक्षा स्थानिक अँगलिंग (गळाची मासेमारी) क्लबचं दिवसाचं तिकीट मिळत असेल तर ते घ्यावं आणि पाऊस बघून निघावं, असं आम्ही आग्रहानं सांगू.

प्रश्न : काठी, लाइन आणि फ्लाय कोणती घ्यावी? – एक वाचक, अ‍ॅबर्डीन

उत्तर : साडेनऊ-दहा फुटांची एका हातानं चालवायची काठी आणि ८ नंबरची तरंगती लाइन एवढ्यावर बरंच भागतं. पाणी मोठं असताना ११ ते १२ फुटांची दोन हातांची काठी सोयीची, कारण मागे झाडं असली तरी रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न फेकता पुढे टाकणं, जमतं. लाइनच्या टोकाला बुडणारा पॉलीलीडर (लाइनला जोडायचा निमुळता तुकडा) आणि पुढे १० ते १२ पौंडांचा ताण सोसणारं नायलॉन. हे नायलॉन फार बारीक घेऊ नका. खडकाला घासून ते नेमकं मासा लागल्यावर तुटतं.

फ्लायचं नाव दुय्यम, आकार महत्त्वाचा. मोठ्या, गढुळलेल्या पाण्यात ६ किंवा ८ नंबरची कॅस्केड किंवा अ‍ॅलीज श्रिंप. पाणी निवळलं की १० नंबर. नदी आटली की १२ किंवा १४ ची स्टोट्स टेल. नंबर वाढेल तसा गळ लहान होतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं.

प्रश्न : मासा फ्लाय ओढतो, पण मी झटका दिला की सुटतो. असं का? – एक वाचक, एडिंबरा

उत्तर : झटक्यामुळेच. ट्राउटला लगेच झटका द्यायची सवय इथे नडते. सॅमन फ्लाय तोंडात धरून खाली वळतो आणि त्या वळण्यातच गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. आधीच ओढलंत तर फ्लाय त्याच्या तोंडातून बाहेर येते. रीळ सैल ठेवा, त्याला लाइन घेऊ द्या, वजन स्थिर जाणवलं की काठी उचला. काही जण बोटाखाली लाइनचा फूटभर सैल वेढा सोडतात; आम्हाला रीळच जास्त भरवशाचं वाटतं.

तुमची कास्टही तपासा. जोरदार प्रवाहात फ्लाय सरळ आडवी टाकली तर लाइनच्या मधल्या भागाला फुगा येतो आणि फ्लाय भरधाव ओढली जाते. कास्ट प्रवाहाच्या दिशेनं तिरकी टाका आणि लाइनचा फुगा लगेच प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटवा. फ्लाय काठापर्यंत झुलून आली की क्षणभर लटकू द्या, मग दोन-तीन वेळा सावकाश ओढून घ्या. पुढच्या कास्टसाठी दोन पावलं खाली सरका. पाणी मोठं असताना डोहाचा शेवटचा उथळ भाग आणि काठालगतचं संथ पाणी सोडू नका. खळाळ चढून दमलेला मासा तिथेच टेकतो. पाणी कमी झालं की तो डोहाच्या तोंडाशी, फेसाळ धारेखाली सरकतो.

प्रश्न : परवान्याचे नियम काय? मासा घरी नेता येतो का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सॅमनसाठी मासेमारीच्या हक्कदाराची लेखी परवानगी लागते, तिकीट म्हणजे तीच. रविवारी सॅमन धरायला कायद्यानं बंदी आहे. १ एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन सोडावाच लागतो. २०१६ पासून सॅमनच्या स्थितीनुसार नद्यांची प्रतवारी होते आणि तिसऱ्या प्रतीच्या नदीत वर्षभर सोडणं सक्तीचं आहे. गळानं धरलेला सॅमन विकणं तर कुठेच चालत नाही.

परवानगी असली तरी सोडावा, असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण सॅमनची संख्या खालावली आहे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका, बिनगाठीची जाळी वापरा, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. मग तोंड प्रवाहाकडे करून त्याला हलकेच आधार द्या आणि तो स्वतःहून निघेपर्यंत थांबा. पाणी २० अंश सेल्सिअसला पोचलं की मासेमारी थांबवा; अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि सोडलेला मासा पुढे मरू शकतो.

ब्रिटनबाहेर वापरलेले बूट, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), जाळी स्कॉटलंडला नेणार असाल तर ते आधी निर्जंतुक करून पूर्ण वाळवा. नॉर्वेतल्या अनेक नद्यांतला सॅमन संपवणारा जायरोडॅक्टिलस हा परजीवी ओल्या सामानातून पसरतो आणि स्कॉटलंड अजून त्यापासून मुक्त आहे.