वाचक विचारतात: आघाडीवरचे चित्र आणि जांभळे डाग

प्रश्न : पहिल्या महायुद्धात एका सैनिकाने खंदकात काढलेले पेन्सिलचित्र आमच्याकडे आहे. त्यावर जांभळे डाग पडलेत. ओल्या कापसाने पुसू का?

उत्तर : मुळीच नको! पाण्याचा थेंबही लावू नका. ही बहुधा न पुसली जाणारी पेन्सिल असावी. तेव्हा सैनिक ती सर्रास वापरत. तिच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर ॲनिलिन रंग असतो. कोरडी रेघ करडी दिसते, ओल लागली की रंग विरघळून जांभळा पसरतो आणि कागदात मुरतो. तो परत निघत नाही. भिंगातून पाहा, रेघेच्या कडेला जांभळी झाक दिसेल.

लॅमिनेशन, चिकटपट्टी टाळा. आम्लरहित कागदात, ४०-५० टक्के आर्द्रतेत आडवे ठेवा. फ्रेम केलीच तर काच चित्राला टेकू देऊ नका, आतली वाफ तिथेच धरते. उन्हाने हा रंग उडतो.