बोट या ऑक्टोबरात घ्या, निघा पुढच्या ऑक्टोबरात

प्रश्न थोडक्यात असा. नवरा ५७ वर्षांचा, बायको ५४ ची. येत्या मार्चमध्ये तिला ५५ पूर्ण होतील. राहतात न्यू जर्सीत, एडिसनला. घराची आजची किंमत ७,२०,००० डॉलर, त्यावर १,१०,००० चं कर्ज बाकी. दोघांच्या ४०१-के खात्यांत (कंपनीमार्फतची निवृत्तीबचत) मिळून ९,८०,०००, साध्या गुंतवणूक खात्यात २,४०,०००, रॉथमध्ये (कर आधीच भरलेल्या पैशांचं निवृत्ती खातं) ९०,०००. पुण्यात भाड्यानं दिलेला एक फ्लॅट आणि काही ठेवी. मुलगी २४ ची, नोकरीला लागलेली. येत्या ऑक्टोबरात दोघांनी नोकरी सोडायची, घर विकायचं, ३८ फुटी वापरलेली शिडाची यॉट १,३८,००० ला घ्यायची आणि चेसापीक उपसागरातून किनाऱ्याकिनाऱ्यानं फ्लोरिडा, पुढे बहामा गाठायचं. उन्हाळ्यात परत उत्तरेला. महिन्याला ३,००० डॉलर पुरतील असा त्यांचा हिशेब आहे. घर विकावं का आणि बोटीसाठी कर्ज काढावं का, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

तुम्ही दोघांनी जरूर जावं. पैसा पुरतो. पण घर आणि कर्ज या दोन प्रश्नांआधी तारखेचा प्रश्न येतो, कारण नोकरी कोणत्या महिन्यात सोडता यावर बोटीच्या घासाघिशीत वाचेल त्यापेक्षा जास्त रक्कम अवलंबून आहे.

आधी ५५ च्या नियमाचं बघू. ज्या कॅलेंडर वर्षात तुम्हाला ५५ पूर्ण होतात, त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली, तर त्याच कंपनीच्या ४०१-के मधून १० टक्के दंडाशिवाय पैसे काढता येतात. नवऱ्याचं आधीच जमतं. बायकोनं ऑक्टोबरात राजीनामा दिला तर तिचे ३,६०,००० डॉलर साडेएकोणसाठ वर्षांपर्यंत दंडाच्या कुंपणात अडकतील. तीच नोकरी जानेवारीत सोडली, तर वाढदिवस मार्चमध्ये असला तरी चालतं. वर्ष तेच असलं की झालं. दोन गोष्टी सांभाळा. ही खाती आयआरएमध्ये (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात) हलवू नका, हलवली की सवलत गेली. आणि कंपनीच्या योजनेत थोडे थोडे पैसे काढता येतात की सगळी रक्कम एकदमच उचलावी लागते, हे राजीनाम्याआधी लेखी विचारून घ्या. एकदमच काढावी लागत असेल तर त्या सवलतीचा काहीच उपयोग नाही.

आता आरोग्य विमा. तुमच्या ३,००० च्या अंदाजात तो धरलेलाच नाही. मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, ६५ ला. तोवर मार्केटप्लेसवरचा, म्हणजे सरकारी बाजारमंचावरून स्वतः घेतलेला विमा. तुमच्या वयाच्या जोडप्याला सवलतीशिवाय महिना २,२०० डॉलरच्या आसपास धरा. हप्त्यावरची सरकारची वाढीव सवलत २०२५ अखेर संपली, त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांची जुनी रेषा परत आली. २०२६ साठी दोघांच्या कुटुंबाला ती ८४,६०० डॉलर आहे, दर वर्षी थोडी सरकते. वर्षाचं उत्पन्न (प्रमाणित वजावटीआधीचं) ६०,००० च्या आसपास ठेवलंत तर तुमचा वाटा महिना ४७० च्या घरात येतो; ८४,६०० च्या वर एक डॉलर जरी गेला तरी केंद्राची सवलत शून्य. शिवाय २०२६ पासून जास्त घेतलेली सवलत पूर्णच्या पूर्ण परत करावी लागते, पूर्वीसारखी कमाल मर्यादा नाही. वर्षाला जवळपास २०,००० डॉलरचा हा फरक आहे. बोटीच्या कोणत्याही एका दुरुस्तीपेक्षा मोठा.

या उत्पन्नात काय काय मोजलं जातं, इथे आपल्या लोकांची हमखास चूक होते. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते उत्पन्नच आहे आणि या रेषेतही धरलं जातं. पुण्याच्या फ्लॅटचं भाडंही. भारतात भरलेल्या कराची वजावट अमेरिकी करातून मिळते, पण त्यामुळे उत्पन्नाचा आकडा कमी होत नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी अर्ज) भरायचा, तो बोटीवरूनही ऑनलाइन भरता येतो.

म्हणूनच बोटीचे पैसे पगाराच्या वर्षात मोकळे करा. साध्या खात्यातून १,२५,००० चे शेअर विकले आणि त्यात ५०,००० नफा निघाला, तर यंदा केंद्राचा आणि राज्याचा मिळून सुमारे १०,००० कर बसेल. पुढच्या वर्षी विकले तर केंद्राचा भांडवली नफ्यावरचा कर शून्य दिसेल आणि मोह होईल. पण तो ५०,००० चा नफा ६०,००० वर चढून तुम्हाला रेषेच्या पलीकडे ढकलेल आणि २०,००० ची सवलत जाईल. कर्ज काढण्याला माझा विरोध याच कारणानं आहे. हप्ता भरायला ४०१-के मधून दर महिन्याला जास्त काढावं लागतं, काढलेला प्रत्येक डॉलर उत्पन्नात मोजला जातो. झोपायची जागा, स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली बोट कराच्या नियमात दुसरं घर ठरते आणि व्याजाची वजावट मिळते, असं दलाल सांगतील. खरं आहे. पण २०२६ ची प्रमाणित वजावटच ३२,२०० डॉलर आहे. व्याज धरूनही तुम्ही तिच्या वर जाणार नाही. रोख घ्या.

रोख, पण १,३८,००० ची नको. ३४ ते ३६ फुटांची, ९०,००० च्या आसपासची बघा. लांबी दोन-चार फुटांनी वाढली की वजन, शिडांचं क्षेत्रफळ, तळाचा रंग, नांगराची साखळी सगळंच एक पायरी वर जातं, आणि मरीना तर फुटावरच पैसे घेते. खरेदीची किंमत हा बोटीचा पहिलाच हप्ता समजा. २००५ च्या आसपासच्या बोटीला २५,००० ते ३०,००० ची डागडुजी लागणारच, ती आत्ताच बाजूला काढा. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा मूळच्याच असतील तर बदलाव्या लागतील; दहा-पंधरा वर्षांनंतर विमा कंपन्या तशी अटच घालतात, आणि या आकाराला ७,००० ते १०,००० लागतात. डेकच्या आत बाल्सा लाकडाचा थर असेल तर कठड्याच्या खांबांच्या बुडाशी पाणी मुरलेलं असू शकतं. सर्व्हेअर हातोडी आपटत जातो तेव्हा बोदा आवाज येतो तो तिथे. डिझेल इंजिनाचं एक्झॉस्ट एल्बो (धूर बाहेर नेणारी वाकडी नळी) आतून काजळीनं बुजतं आणि खाऱ्या पाण्यानं खातं. इंजिन तापतं, धूर येतो, आणि लोक उगाच इंजिन खोलून बसतात. सेलड्राइव्ह (इंजिनापासून तळातून खाली पंख्यापर्यंत जाणारी जोडणी) असेल तर तिचा रबरी पडदा कधी बदलला याची पावती मागा. तो फाटला तर पाणी थेट आत येतं. नव्या इंजिनाला बसवून २०,००० च्या वर जातात, म्हणून तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. ते पैसे वाया जात नाहीत.

मोजमापांचं एक राहिलं. नॉर्फोकच्या मैल शून्यापासून मायामीपर्यंत आतला जलमार्ग सुमारे १,०९० मैलांचा. त्यावरच्या पक्क्या पुलांची उंची ६५ फूट धरलेली आहे. उत्तर कॅरोलायनातला विल्करसन पूल ६४ आणि मायामीचा ज्युलिया टटल ५६ फूट. डोलकाठी अँटेनासह ६२ च्या आत असू द्या; ज्युलिया टटलखालून ती जाणार नाही, तेवढा टप्पा बाहेरून समुद्रातून करा. जॉर्जियात भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो आणि गाळ सरकतो. कील (तळाखालचं जड पातं) पाच-साडेपाच फुटांपेक्षा खोल असेल तर दर वळणावर भरतीची वाट बघत बसाल. हा प्रवास बराचसा इंजिनावरच होतो: तासाला सात मैल धरले तर एका फेरीला दीडशे तासांवर, म्हणजे सव्वाशे-दीडशे गॅलन डिझेल आणि किमान एकदा तेलबदल.

बोट ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्या. थंडीचं यार्डभाडं टाळायला मालक तेव्हा किमतीत उतरतात. देकार देताना सर्व्हे, समुद्रातली चाचणी आणि विमा या तिन्ही अटी लिहा. तिसरी फार महत्त्वाची: तुमचा अनुभव क्लबच्या बोटींवर शनिवार-रविवारचा आहे, कंपनी नौकानयनाचा लेखी अनुभव मागेल, पहिल्या मोसमात कप्तान बरोबर ठेवा असंही म्हणेल. वादळाच्या मोसमात बोट ठरावीक अक्षांशाच्या उत्तरेला ठेवण्याची अट बहुतेक पॉलिसींत असते, आणि नाव दिलेल्या वादळात नुकसान झालं तर किमतीच्या पाच-दहा टक्के तुम्हीच सोसायचे. आता लक्षात येईल की या ऑक्टोबरात निघण्याचा बेत का नको: नवी बोट, जुन्या तारा, वादळांचा शेवट आणि थंडीची सुरुवात, सगळं एका महिन्यात. त्यापेक्षा हिवाळाभर बोट यार्डात उभी करा, पगार आणि कंपनीचा विमा चालू असताना कामं उरका. जानेवारीत राजीनामे. एप्रिलमध्ये बोट पाण्यात. मे ते सप्टेंबर चेसापीकमध्ये, जिथे काही तुटलं तर प्रत्येक खाडीत मेकॅनिक आहे. मग ऑक्टोबरात दक्षिणेला. जानेवारीचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे त्या वर्षीच्या ६०,००० मध्ये धरा, तेवढं ४०१-के मधून कमी काढा.

यार्ड मेरीलँडपेक्षा व्हर्जिनियात, डेल्टाविलच्या बाजूला बघा. कर बोट मुख्यतः कुठे वापरता त्यावर ठरतो: मेरीलँडचा ५ टक्के, व्हर्जिनियाचा २ टक्के आणि तोही जास्तीत जास्त २,००० डॉलर. फक्त १ जानेवारीला बोट ज्या काउंटीत असेल तिचा मालमत्ता कर किती, ते आधी फोन करून विचारा. कोस्ट गार्डकडे नोंदणी करायची तर सगळे मालक अमेरिकी नागरिक लागतात. दोघांपैकी कुणी अजून ग्रीन कार्डवर असेल तर संयुक्त नावावर राज्याची नोंदणी करा.

महिन्याचा खरा आकडा मी ५,००० च्या आसपास काढतो. देखभाल आणि यार्ड १,२००, बोटीचा विमा २६०, डिझेल-पाणी-कपडे धुणं २५०, मरीना आणि मूरिंग (बोट बांधायचा भाड्याचा बोया) ५०० (बाकी रात्री नांगरावर), किराणा ९००, आरोग्य विमा ४७० आणि वरचा औषधपाण्याचा खर्च ३००, फोन-इंटरनेट २००, भाड्याची गाडी २००, भारताची वर्षाची एक फेरी वाटून ४००, किरकोळ ३००. बहामाचं प्रवेशशुल्क २०२५ मध्ये बरंच वाढलं, आणि मार्केटप्लेसचा विमा तिथे चालत नाही. हवाई रुग्णवाहिकेसह वेगळी पॉलिसी घ्या. इंजिन किंवा डोलकाठीसाठी ४०,००० रोख वेगळे, त्यांना इतर कशासाठी हात लावायचा नाही.

आता घर. निव्वळ आकड्यांनी पाहिलं तर विकणं बरं दिसतं: सगळी पुंजी १७ लाखांच्या पुढे जाते आणि वर्षाचे ६०,००० म्हणजे साडेतीन टक्के. घर ठेवलंत तर गुंतवणूक ११ लाख ८०,००० च्या आसपास उरते आणि खर्च पाच टक्क्यांवर जातो. तीस वर्षांसाठी हे जास्त आहे. भाड्यानं हातात काही पडत नाही: महिना ३,९०० भाडं धरलं तरी १२,५०० मालमत्ता कर, विमा, व्यवस्थापक, दुरुस्ती, रिकामा महिना आणि कर्जाचा हप्ता जाऊन वर्षाला दोनेक हजार उरतील.

तरीही मी म्हणेन, विकू नका; तीन वर्षं भाड्यानं द्या. शेवटच्या पाच वर्षांत दोन वर्षं स्वतः राहिलेलं घर विकलं तर जोडप्याला ५,००,००० पर्यंतचा नफा करमुक्त असतो. म्हणजे बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत विक्री पूर्ण झाली की तुमचा अडीच-पावणेतीन लाखांचा नफा तसाच सुटतो. फक्त भाड्याच्या काळातल्या घसाऱ्यावर कर, जास्तीत जास्त आठेक हजार. दुसऱ्या हिवाळ्यानंतर दोघांनाही बोटीवर राहायचं आहे का, हे आज कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही. एकाचे गुडघे, पुण्यातले आईवडील, मुलीचं लग्न, यांतलं काहीही तुम्हाला किनाऱ्यावर आणू शकतं. त्या अनिश्चिततेसाठी आठ हजार मला स्वस्त वाटतात. पाच टक्के तीन वर्षं चालतील, पुढे नाही. तिसऱ्या हिवाळ्यात घर किंवा बोट, एक विकायचंच. आणि न्यू जर्सीत करार संपला म्हणून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. घेणारा स्वतः राहणार असेल तर विक्रीचा करार झाल्यावर दोन महिन्यांची नोटीस देता येते. म्हणून तीन वर्षांच्या मुदतीआधी किमान सहा महिने घर बाजारात आणा.

मुलगी तुमच्या कंपनीच्या विम्यावर असेल तर जानेवारीत तिचंही कवच जाईल, २६ पूर्ण होण्याची वाट न बघता. तिच्या कंपनीत नाव घालायला तिला ३० दिवस मिळतात, तुम्हाला मार्केटप्लेससाठी ६०. राजीनाम्याची तारीख तिला आत्ताच सांगून ठेवा.