रॅप सोडून बीट्सच करू का?

प्रश्न : दादा, मी मिरजेचा, वय 23. चार वर्षं रॅप करतोय. गाणी टाकतो, मित्र सोडले तर कुणी ऐकत नाही. बीट्स, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत, मागायला मात्र पोरं घरी येतात. रॅपर म्हणून हरलो असं समजून प्रोड्यूसर व्हायचं का? वडील म्हणतात, मार्केट यार्डात अडतीवर बस.

उत्तर : ‘हरलो’ आधी खोड. न्यूयॉर्कचा रिझा (RZA) 1991 मध्ये प्रिन्स रकीम या नावानं रॅपर म्हणून आला. रेकॉर्ड चालली नाही, कंपनीनं सोडून दिलं. दोनच वर्षांनी वू-टँग क्लॅन या रॅपरांच्या टोळीचा पहिला अल्बम त्यानंच घडवला. जुन्या सोल गाण्यांचे तुकडे, कुंगफू पिक्चरमधले संवाद आणि त्यावर टोळीतल्या एकेकाचा वेगळा आवाज. त्यात तो स्वतः रॅपही करतोच. रॅप सोडायचाच कशाला?

माझं सांगतो. मीही गणपतीच्या स्टेजवर ओरडून घसा बसवून घेतलाय. पहिल्यांदा दुसऱ्यासाठी बीट केली ती कुपवाडच्या एका पोरासाठी. हलगी, ढोलकी, बेस, वर बासरी. जागा दिसली की भरली. त्यानं हेडफोन लावून ऐकलं आणि हळूच म्हणाला, “दादा, ह्यात मी कुठाय?” बासरी त्याच रात्री उडवली, हलगी फक्त हुकला, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीला, ठेवली. मग त्याचा श्वास ऐकू आला. श्वास कुठं घ्यावा लागतो हे तुला रॅप केल्यामुळं ठाऊक आहे, हे भांडवल कमी नाही.

तू मिरजेत राहतोस आणि मला विचारतोस! सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, लावताना बघ जाऊन. घोडी जराशी घासायची, तार छेडायची, कान द्यायचा, परत घासायची. मीटर नाही, स्क्रीन नाही. मैफिलीत टाळ्या गाणाऱ्याला पडतात, हा भाग वेगळा. (2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा तेवढे पेपरात फोटो आले.)

आता पैशाचं. फुकट वाटप बंद कर. शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, कुणाला किती टक्के, हे गाणं बाहेर पडायच्या आधी कागदावर आणून दोघांच्या सह्या घे. संगीतकार म्हणून आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सभासद हो. जुन्या लावणीचा तुकडा परवानगीशिवाय उचलू नकोस. आपल्याकडं रेकॉर्डिंगवर 60 वर्षं हक्क चालतो, चाल-शब्दांचा तर त्याहून लांब. त्यापेक्षा हलगीवाला घरी बोलव. वाजवायच्या आधी हलगी शेकून घ्यायला सांग, थंड हलगी माइकवर मेल्यासारखी वाजते.

वडिलांशी भांडू नकोस. मीही तीन हंगाम हळदीच्या पेढीवर पोत्यांची वजनं लिहिली, रात्री बीट्स केल्या. पहिला चांगला माइक त्याच पगारातला.

पुढच्या वेळी मला बीट पाठवू नकोस. ज्याच्यासाठी केलीस त्याचा नुसता आवाज पाठव.